कोपनहेगनची १९५२ मधील साथ आणि पक्षाघाती रुग्णांची शुश्रूषा

वैद्यकाच्या इतिहासात शोध, शोधक आणि यंत्र यांना जे स्थान मिळते ते शुश्रूषेला सहसा मिळत नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपातच आहे. शोध निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध होतो, यंत्र संग्रहालयात जाऊन बसते. परंतु रात्री दोन वाजता रुग्णाची कूस कोणी बदलली, त्याच्या घशातील लाळ कोणी काढली, त्याच्या कपाळावर आलेला घाम प्रथम कोणाच्या ध्यानात आला, याची नोंद झालीच तर खाटेशी टांगलेल्या तक्त्यावर होते, आणि तो तक्ता काही वर्षांनी रद्दीत जातो. मज्जासंस्थेचे संसर्गजन्य रोग आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच आपल्या मज्जातंतूंवर उलटून केलेले रोग, या दोन वर्गांपुरते पाहिले तर ही उणीव विशेष जाणवते. कारण या रोगांत दीर्घकाळपर्यंत औषध असे काही नव्हतेच. रुग्ण जगला तर तो शुश्रूषेने जगला, आणि दगावला तर पुष्कळदा तिच्या अभावी दगावला. प्रस्तुत लेखात कोपनहेगन येथील १९५२ च्या पोलिओच्या साथीचा मुख्यतः विचार केला आहे. त्या साथीतून आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम झाला असे सर्वत्र सांगितले जाते, व ते बरोबरही आहे. तथापि त्या उगमात शुश्रूषेचा वाटा कोणता, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

प्रारंभी रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना हालचालीची आज्ञा पोहोचविणाऱ्या पेशींवर आघात करतो. हातपाय लुळे पडतात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु छातीचे स्नायू व श्वासपटल लुळे पडले म्हणजे श्वास बंद पडतो, आणि मेंदूच्या देठाशी असलेल्या पेशी नष्ट झाल्या म्हणजे गिळणे थांबते. या दुसऱ्या प्रकारात रुग्णाची स्वतःची लाळच त्याच्या श्वासनलिकेत उतरते. असा रुग्ण कोरड्या खाटेवर बुडून मरतो असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्यातही क्लेशकारक गोष्ट ही की, त्याची जाणीव बहुधा शाबूत असते. आपल्याला काय होत आहे हे त्याला कळत असते व सांगता मात्र येत नाही.

श्वास बंद पडण्यावर पहिला व्यवहार्य उपाय १९२८ मध्ये निघाला. हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप ड्रिंकर व लुई अॅगासिझ शॉ यांनी एक मोठी लोखंडी पेटी तयार केली. रुग्णाचे मस्तक बाहेर आणि बाकीचे शरीर पेटीत, अशी तिची रचना होती. आतील हवेचा दाब ठराविक अंतराने कमी होई, त्याबरोबर छाती फुगे व तोंडावाटे हवा आत जाई. ऑक्टोबर १९२८ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात एका आठ वर्षांच्या मुलीवर तिचा प्रथम उपयोग झाला. मुलीला तत्काळ आराम पडला. परंतु काही दिवसांनी ती फुप्फुसदाहाने गेली. ‘लोखंडी फुप्फुस’ हे नाव या पेटीला लवकरच मिळाले. १९३१ मध्ये जॉन इमर्सन याने तिची स्वस्त व सुटसुटीत आवृत्ती केली. ऑस्ट्रेलियातील एडवर्ड बोथ याने प्लायवुडची पेटी बनविली, आणि ब्रिटिश मोटार-कारखानदार लॉर्ड नफील्ड यांनी १९३८ मध्ये, साम्राज्यातील जे रुग्णालय मागेल त्याला ती विनामूल्य देण्याचे जाहीर केले.

या पेटीची छायाचित्रे विपुल आहेत. एका दालनात ओळीने मांडलेल्या पेट्या व त्यांतून बाहेर आलेली लहान मुलांची डोकी, हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनावर यंत्राच्या सामर्थ्याचा ठसा उमटवते. परंतु पेटीतील रुग्णाची शुश्रूषा कशी करावयाची हा प्रश्न छायाचित्रात दिसत नाही. शरीर पेटीत बंद असल्यामुळे त्याला हात लावण्यासाठी बाजूची गोल दारे उघडावी लागत. आणि दार उघडले की आतील दाब बिघडून श्वास अडखळे. म्हणून परिचारिकांना प्रत्येक काम यंत्राच्या लयीत, आणि तेही झटपट, करण्याची सवय लावून घ्यावी लागली. पाठीला शय्याव्रण पडू नयेत म्हणून कूस बदलणे, मलमूत्राची व्यवस्था, ताठरलेल्या सांध्यांना हळूहळू हालचाल देणे, ही सर्व कामे अशा रीतीने, शक्यतो दोघींनी मिळून, करावयाची असत. गळ्याभोवतीची रबरी पट्टी सैल असेल तर दाब निसटे आणि घट्ट असेल तर मान सोलवटे. घास भरवावयाचा तो यंत्र श्वास बाहेर सोडीत असताना; श्वास आत घेताना घास दिला तर तो फुप्फुसात ओढला जाण्याचे भय. रुग्ण बोलू शके तोही केवळ उच्छ्वासाबरोबर, आणि म्हणून त्याचे वाक्य मध्येच तुटे. अनुभवी परिचारिकेला ते तुटलेले वाक्य पुढे ऐकण्यासाठी थांबण्याची सवय झालेली असे. वीज गेली म्हणजे पेटीचा भाता हाताने चालवावा लागे, आणि अशा प्रसंगी रुग्णालयात जो कोणी जवळ असेल तो त्या कामास धावे. यंत्राने मनुष्यबळाची गरज कमी केली नव्हती. उलट, अधिक कसबी मनुष्यबळाची गरज निर्माण केली होती.

याच काळात एका परिचारिकेने वैद्यकीय जगात मोठी खळबळ उडवून दिली, तिचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी हिने परिचर्येचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेमुळे तिला ‘सिस्टर’ ही पदवी मिळाली होती. पोलिओने दुखावलेले अवयव फळ्या व प्लास्टर यांत महिनोन्‌महिने जखडून ठेवण्याची त्या काळी प्रथा होती. केनीने ती झुगारली. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरीच्या पट्ट्यांनी ती दुखरे स्नायू शेकी, आणि वेदना ओसरताच रुग्णाकडून त्या स्नायूंची हालचाल करवून घेई. १९३८ मध्ये क्वीन्सलँडच्या शासकीय चौकशी-मंडळाने तिच्याविरुद्ध अभिप्राय दिला. १९४० मध्ये ती अमेरिकेस गेली, मिनिआपोलिस येथे १९४२ मध्ये तिच्या नावाची संस्था निघाली, आणि १९४६ मध्ये तिच्यावर हॉलिवुडने चित्रपटही काढला. तिने आपल्या उपचाराचे जे शास्त्रीय स्पष्टीकरण दिले ते टिकले नाही. पोलिओत मुख्य विकार स्नायूंच्या आकुंचनाचा आहे, हा तिचा सिद्धान्त चुकीचा होता. परंतु उपचार उपयुक्त होता आणि फळ्यांची प्रथा तिच्यामुळे मोडली. खाटेजवळचे निरीक्षण बरोबर आणि त्यावरून काढलेला सिद्धान्त चूक, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात कमी नाहीत. फरक एवढाच की, डॉक्टरांच्या बाबतीत ती जशी क्षमेने पाहिली जातात तशी केनीच्या बाबतीत पाहिली गेली नाहीत. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी ती वारली, तेव्हा कोपनहेगनची साथ शेवटच्या टप्प्यात होती.

आता त्या साथीकडे वळू. सप्टेंबर १९५१ मध्ये पोलिओवरील दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद कोपनहेगन येथेच भरली होती. जगातील तज्ज्ञ तेथे जमले, निबंध वाचले गेले. आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याच शहरावर अशी साथ कोसळली की, तशी तेथे पूर्वी कधी आली नव्हती. सांसर्गिक रोगांसाठी असलेल्या ब्लेगडाम रुग्णालयात जुलै ते डिसेंबरच्या आरंभापर्यंत २,७२२ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी ८६६ जणांना पक्षाघात झाला होता, आणि सुमारे ३१६ जणांची श्वसन वा गिळण्याची क्रिया धोक्यात आलेली होती. ऐन भरात दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण येत. रुग्णालयाजवळ सामग्री कोणती होती? एक लोखंडी पेटी आणि छातीवर बसविण्याची सहा कवच-यंत्रे. पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख प्राध्यापक लासेन हे सांसर्गिक रोगांचे नाणावलेले वैद्य होते. त्यांचे सहकारी मॉगेन्स ब्यॉर्नेबो यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलवावे असे सुचविले. ही सूचना त्या काळच्या शिष्टाचाराला धरून नव्हती. भूल देणारा डॉक्टर शस्त्रक्रियागृहाबाहेर येऊन सांसर्गिक रोगाच्या प्राध्यापकाला काय सांगणार, असाच सर्वसाधारण समज होता. परंतु त्याच वर्षी ब्यॉर्नेबो व इब्सेन यांनी मिळून धनुर्वात झालेल्या एका नवजात अर्भकावर उपचार केले होते. क्युरारे या द्रव्याने झटके थांबवून हाताने श्वास चालू ठेवावयाचा, अशी ती पद्धती होती. ब्यॉर्नेबोंना ती आठवली. म्हणजे पोलिओच्या उपचारातील ही क्रांती धनुर्वाताच्या खाटेवरून आली. दोन्ही रोग मज्जासंस्थेचेच. एकात स्नायू सैल पडतात, दुसऱ्यात ते दगडासारखे ताठ होतात. पण मृत्यू दोहोंत श्वास कोंडल्यानेच येतो.

२५ ऑगस्ट १९५२ रोजी विचारविनिमय झाला. इब्सेन यांनी चार मृत रुग्णांचे शवविच्छेदन पाहिले व त्यांच्या रक्ततपासणीचे अहवालही पाहिले. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेटचे प्रमाण फार वाढलेले आढळे, आणि त्याचा अर्थ कोणास लागत नव्हता. रुग्णांस घाम सुटे, रक्तदाब चढे, शेवटी शुद्ध हरपे. हे सर्व विषाणूने मेंदू ग्रासल्याचे चिन्ह आहे असे मानले जाई. इब्सेन यांनी शस्त्रक्रियागृहात हीच लक्षणे पाहिली होती, तेव्हा त्यांनी निदान वेगळे केले. हवा पुरेशी आतबाहेर होत नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचत आहे, मेंदू नव्हे तर श्वास हरत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लॉस एंजेलिस येथील बॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेला, हवा दाबाने आत देण्याचा अनुभवही त्यांस ठाऊक होता.

२७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर प्रयोग करण्याचे ठरले. चारही अवयव लुळे, एक फुप्फुस बसलेले, घशात लाळेचे डबके, अशी तिची स्थिती होती. कंठाखाली श्वासनलिकेला छेद देऊन तीत रबरी नळी घातली गेली. ती मुलगी गुदमरून धडपडू लागली, श्वासनलिका आकसल्या व पिशवी दाबूनही हवा आत जाईना. जमलेल्यांपैकी काहीजणांनी आशा सोडून पाठ फिरविली, असे वर्णन पुढे नमूद झाले आहे. इब्सेन यांनी तिला पेंटोथाल देऊन तिची धडपड थांबविली, तिचा स्वतःचा अपुरा श्वासही थांबला, आणि त्याबरोबर पिशवीतील हवा सुरळीत आत जाऊ लागली. थोड्याच वेळात तिचा वर्ण सुधारला व रक्तदाब उतरला. ती मुलगी जगली, आणि पुढे बरीच वर्षे जगली.

सिद्धान्त सिद्ध झाला. अडचण तेथूनच सुरू झाली. एका रुग्णाची पिशवी एका मनुष्याने अहोरात्र, दर मिनिटाला सुमारे वीस वेळा दाबीत राहावयाची, तर सत्तर रुग्णांसाठी माणसे आणावयाची कोठून? साथीच्या शिखरावर एकाच वेळी सुमारे सत्तर रुग्ण या पद्धतीवर होते. उत्तर विद्यापीठात सापडले. वैद्यकाचे व दंतवैद्यकाचे विद्यार्थी पाळीपाळीने बोलाविण्यात आले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून १,६५,००० तास ही पिशवी दाबली. तीव्र रुग्णांतील मृत्युप्रमाण ८७ टक्क्यांवरून सुमारे ४० टक्क्यांपर्यंत उतरले.

या १,६५,००० तासांचा उल्लेख या विषयावरील बहुतेक लेखनात आढळतो, आणि तो आढळावा हेही योग्यच. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते या आकड्याने नकळत एक गैरसमज रूढ केला आहे. पिशवी दाबणे हे एक काम झाले. ती दाबली जात असताना त्याच खाटेभोवती जी बाकीची कामे चालत, त्यांचे तास या हिशेबात नाहीत. श्वासनलिकेतील नळी अडकू नये म्हणून कफ पुनःपुन्हा शोषून काढावा लागे. कफ खाली उतरावा म्हणून खाटेचा पायथा उंच करून रुग्णाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यावे लागे. लुळ्या देहाला वळवताना नळी हलली की प्राणावर बेतण्याची भीती. नाकातील नळीने अन्न द्यावयाचे, न मिटणाऱ्या पापण्यांतील डोळे कोरडे पडू द्यावयाचे नाहीत, तोंड स्वच्छ ठेवावयाचे, मूत्राशयाकडे पाहावयाचे. ही कामे परिचारिकांची होती. नवख्या विद्यार्थ्याला, काल तो शरीररचनेचे पुस्तक वाचीत होता त्याला, खाटेजवळ काय करावे व काय करू नये हे प्रत्यक्षात शिकविण्याचा भारही पुष्कळसा त्यांच्यावर पडणे अपरिहार्य होते. त्यांच्या तासांचा आकडा इतिहासात रूढ झाला नाही, कारण ते त्यांचे नित्याचे काम समजले गेले. असाधारण म्हणून जे नजरेत भरते तेच मोजले जाते, हा इतिहाससाधनांचा स्वभाव होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विद्यार्थी जे करीत होते ते तरी काय होते? त्यांच्याजवळ आजच्यासारखी दर्शक-यंत्रे नव्हती. हवा किती द्यावयाची हे हाताला लागणाऱ्या पिशवीच्या ताणावरून, रुग्णाच्या छातीच्या उठावावरून आणि मुख्यतः त्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे लागे. कंठातील छेदामुळे रुग्णाचा आवाज गेलेला असे. त्याला अधिक हवा हवी असल्यास तो डोळ्यांनी सांगे. काही वेळाने त्या दोघांत खुणांची एक भाषा तयार होई. विद्यार्थी मुलांना गोष्टी वाचून दाखवीत, त्यांच्याशी खेळत. घाम आला का, नाडी वाढली का, ओठांचा रंग बदलला का, हे ते क्षणोक्षणी पाहात. यालाच परिचर्येच्या भाषेत निरीक्षण म्हणतात, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधील आपल्या प्रसिद्ध पुस्तिकेत त्याला शुश्रूषेच्या गुणांत फार वरचे स्थान दिले होते. तात्पर्य, कोपनहेगनमध्ये भावी डॉक्टर काही महिने परिचारकाचे काम करीत होते, आणि रुग्ण जगले ते त्या कामामुळे. भूलशास्त्राने त्या कामाला योग्य दिशा दिली. इब्सेन यांचे श्रेय यामुळे तिळमात्र कमी होत नाही. ज्याला मृत्यूचे कारण बरोबर कळले त्याचेच हात योग्य कामी लागले, आणि त्याच्या अगोदर कितीही निष्ठेने केलेली शुश्रूषा विफल होत होती, हेही तितकेच खरे आहे.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्या म्युनिसिपल रुग्णालयात एक स्वतंत्र विभाग उघडला. कोणत्याही कारणाने श्वास वा रक्ताभिसरण धोक्यात आलेला रुग्ण तेथे ठेवावयाचा व त्याच्याजवळ दिवसरात्र शिक्षित माणूस हजर राहावयाचा, अशी ती योजना होती. त्यापूर्वी रुग्णालयातील विभाग रोगाच्या किंवा अवयवाच्या नावाने पडत. शुश्रूषेची निकड किती, या एकाच कसोटीवर रुग्णांची विभागणी येथे झाली. स्वीडनमधील एंगस्ट्रॉम यांच्या यंत्राने पुढे हाताची जागा घेतली. परंतु यंत्राजवळ माणूस हवा हा धडा हाताने शिकविलेला होता.

ऑक्सफर्डमध्ये या धड्याचा विस्तार झाला. रिची रसेल, स्पॉल्डिंग व क्रॅम्प्टन स्मिथ यांनी तेथे श्वसन-विभाग चालविला, आणि १९५४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. पोलिओबरोबरच इतर रोगांतही दाबाने दिलेले कृत्रिम श्वसन उपयोगी पडते, हे त्या लेखाच्या शीर्षकातच सूचित केले होते. या ‘इतर रोगांत’ मज्जातंतूंचा तो दाह येतो ज्याला आज ग्वियँ-बारे विकार म्हणतात. पायांपासून वर चढत जाणाऱ्या या पक्षाघाताचे वर्णन फ्रान्समधील लाँद्री यांनी १८५९ मध्ये, म्हणजे नाइटिंगेल यांच्या पुस्तिकेच्याच वर्षी, केले होते. १९१६ मध्ये ग्वियँ, बारे व स्ट्रोल यांनी दोन सैनिकांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात प्रथिन वाढलेले पण पेशी वाढलेल्या नाहीत असे दाखविले, आणि निदानाला आधार मिळाला. या तिघांपैकी स्ट्रोल यांचे नाव व्यवहारात गळाले, लाँद्री यांचेही बहुधा गळाले. १९५५ मध्ये वॅक्समन व अॅडम्स यांनी सशांमध्ये प्रतिकारशक्तीच्या द्वारे तसाच दाह उत्पन्न करून दाखविल्यावर, हा रोग शरीराने स्वतःवरच केलेला आघात असावा या कल्पनेस बळ आले.

शुश्रूषेच्या दृष्टीने या रोगाची मागणी पोलिओहून भिन्न आहे. पोलिओत झालेली हानी बहुधा कायमची असते. येथे तंतूंवरील आवरण पुन्हा वाढते, आणि रुग्ण जगविला तर तो बहुधा चालू लागतो. म्हणून काही आठवडे वा महिने त्याला अपायाविना पार नेणे हेच सर्व उपचारांचे सार ठरते. श्वास केव्हा अपुरा पडेल हे अगोदर ओळखावे लागते. त्यासाठी परिचारिका रुग्णाला एका श्वासात मोठ्याने अंक मोजावयास सांगते. काल तीसपर्यंत गेलेला रुग्ण आज बारावर अडखळला, तर त्याची चर्या शांत दिसली तरी धोका जवळ आला असे समजावे. नाडी व रक्तदाब यांचे नियमन करणारे तंतूही या रोगात बिघडतात, त्यामुळे श्वासनलिकेतील कफ शोषताना हृदयाची गती एकाएकी मंदावू शकते. वेदना तीव्र असतात. पाठीवर हलकेच टेकलेला हातही काहींना सोसवत नाही. कूस तर बदललीच पाहिजे. पूर्वी पायातील रक्त गोठून ते फुप्फुसात अडकल्याने बरे होत आलेले रुग्णही अकस्मात दगावत. रक्तातील द्रव बदलण्याचा उपाय अमेरिकेतील १९८५ च्या मोठ्या चाचणीने, आणि प्रतिपिंडे शिरेतून देण्याचा उपाय हॉलंडमधील १९९२ च्या चाचणीने मान्य झाला. या दोहोंनी आजाराचा काळ कमी होतो. शुश्रूषेची गरज राहतेच.

‘मायस्थेनिया’ या रोगात स्नायू वापराबरोबर थकत जातात. लंडनमधील ग्रिनिच येथील एका रुग्णालयातील डॉ. मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये फायझोस्टिग्मिनचा त्यावरील गुण दाखविला. येथे शुश्रूषा घड्याळाशी बांधलेली आहे. औषध जेवणाआधी नेमक्या वेळी दिले नाही तर रुग्णाला घास गिळता येत नाही, आणि संध्याकाळी औषधास झालेला अर्ध्या तासाचा उशीर श्वासावर येऊ शकतो. याहून अधिक विस्तार येथे करीत नाही.

धनुर्वाताचा मात्र पुन्हा विचार केला पाहिजे, कारण त्यात शुश्रूषेचा नियमच उलटा झाला. पूर्वी धनुर्वाताच्या रुग्णाला अंधाऱ्या, निवांत खोलीत ठेवीत. दाराची करकर, अंगावर पडलेला उजेड, अनपेक्षित स्पर्श यांपैकी कशानेही झटका येई, म्हणून परिचारिकेची कुशलता रुग्णाला शक्य तितके कमी स्पर्शण्यात होती. क्युरारे व कृत्रिम श्वसन आल्यावर तोच रुग्ण पोलिओच्या रुग्णासारखा लुळा झाला, आणि ज्याला हात लावू नये म्हणून शिकविले होते त्याला आता दर दोन तासांनी वळवावे लागू लागले. हा पालट किती मोठा होता हे औषधांच्या इतिहासावरून कळत नाही.

आपल्याकडे धनुर्वात हा पोलिओहूनही जुना व परिचित शत्रू. मुंबईतील जे. सी. पटेल व जी. जी. जोग यांनी १९५९ मध्ये या रोगाच्या तीव्रतेचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. दातखीळ, झटके, जखमेपासून लक्षणांपर्यंतचा काळ, पहिल्या लक्षणापासून झटक्यापर्यंतचा काळ, आणि ताप, अशा पाच गोष्टींवर ते आधारलेले आहे. लक्षात घेण्यासारखे हे की, या पाचांपैकी एकीलाही प्रयोगशाळा लागत नाही. सर्व गोष्टी खाटेजवळ विचारून व पाहून कळतात. ज्या रुग्णालयांत गर्दी फार व साधने थोडी, तेथील गरजेतून ही पद्धती निघाली, आणि ती पुढे देशाबाहेरही वापरली गेली. जे. जे. रुग्णालयात डॉ. फरोख उदवाडिया यांनी श्वसनचिकित्सेचा विभाग उभारून धनुर्वाताच्या रुग्णांवर जे काम केले, ते त्यांच्या १९९४ मधील ग्रंथात आले आहे.

पोलिओच्या बाबतीत मुंबईचा इतिहास निराळा आहे. संशोधनासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९४९ मध्ये मुंबईत स्वतंत्र केंद्र काढले. शुश्रूषा व पुनर्वसन यांची सुरुवात मात्र एका मातेच्या खटपटीतून झाली. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ च्या सुमारास पंगू मुलांसाठी चिकित्सालय व संस्था यांची उभारणी केली. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केनीप्रमाणे त्याही डॉक्टर नव्हत्या. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. लोखंडी पेट्या त्याच्या कितीतरी अगोदर रुग्णालयांच्या कोठारांत गेल्या होत्या.

परंतु लुळ्या छातीचा रुग्ण गेलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, सिंहगड रस्ता व नांदेड गाव या परिसरात, ग्वियँ-बारे विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या काही आठवड्यांत दोनशेच्या वर गेली. कॅम्पिलोबॅक्टर हा आतड्याचा जंतू तपासणीत सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. आधी जुलाब, मग पायांत मुंग्या, मग जिना चढवेना, हा क्रम कित्येक घरांनी त्या दिवसांत पाहिला. वृत्तपत्रांनी इंजेक्शनांच्या किमती, पाण्याच्या टाक्या व यंत्रावरील रुग्णांची दररोजची संख्या यांना जागा दिली. त्या यंत्रांजवळ रात्रपाळीला कोण होते, एकेका परिचारिकेकडे किती खाटा होत्या, आणि अंक मोजता मोजता कोणता रुग्ण कोणत्या दिवशी अडखळला, हे त्या त्या विभागांच्या तक्त्यांत लिहिलेले असणार. ते तक्ते अद्याप रद्दीत गेलेले नाहीत. या साथीचा इतिहास पुढे जो कोणी लिहील, त्याने रुग्णालयांकडे प्रथम त्यांची मागणी करावी; आणि ते जपून ठेवण्याविषयीची विनंती विद्यापीठाच्या वतीने आताच केली गेली तर बरे.